आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेट हाताळताना: ड्रमपासून फिल्मपर्यंत

बाटलीचं झाकण फिरवलं की कापराच्या जवळ जाणारा वास येतो. तो योगायोग नाही. पाइनच्या टर्पेंटाइनमधल्या अल्फा-पायनीनपासून कॅम्फीन बनवतात, आणि त्याच कॅम्फीनपासून एका वाटेने कृत्रिम कापूर तयार होतो, तर दुसऱ्या वाटेने आयसोबॉर्निल अ‍ॅक्रिलेट. कारखान्यात कुणी एवढं लांब नाव घेत नाही, सगळे त्याला 'आयबीओए' म्हणतात. मागणीपत्रात मात्र कॅस क्रमांक (रसायनाचा जागतिक ओळख क्रमांक) ५८८८-३३-५ लिहावा. आयसोबॉर्निल मेथाक्रिलेट नावाचा याचा सख्खा भाऊ आहे आणि घाईत लिहिलेल्या मागणीवर हमखास तोच येऊन पडतो.

हा लेख आयबीओए पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी आहे, मग ते यूव्ही (अतिनील प्रकाशाने कडक होणारं) कोटिंग किंवा चिकटद्रव्य बनवणारे असोत, थ्रीडी प्रिंटिंगची रेझिन बनवणारे असोत वा प्रयोगशाळेत ब्लॉक कोपॉलिमर (वेगवेगळ्या मोनोमरांचे तुकडे जोडलेली साखळी) करू पाहणारे. माझा सगळा भर एकाच प्रश्नावर आहे: शेवटी मोनोमर, म्हणजे साखळीत न जोडलेला सुटा रेणू, किती उरला? किती घातला हे फॉर्म्युलेशनच्या कागदावर दिसतं. किती उरला हे मोजल्याशिवाय कळत नाही, आणि या मोनोमरच्या बाबतीत बहुतेक गोष्टी तिथेच अंगाशी येतात.

पिंजरा समजून घ्या

अ‍ॅक्रिलिक आम्ल कॅम्फीनवर आम्ल-उत्प्रेरकाच्या मदतीने चढवलं की कॅम्फीनचा सांगाडा आतल्या आत फिरतो. या फेररचनेला वॅग्नर-मीरवाइन पुनर्रचना म्हणतात. त्यातून अ‍ॅक्रिलेटच्या शेपटीला दहा कार्बनांचा, दोन कड्यांचा, ताठ पिंजरा मिळतो. रेणूत एकूण तेरा कार्बन आहेत आणि त्यांतले दहा झाडाकडून आलेले. म्हणूनच 'सुमारे ७७ टक्के जैव-कार्बन' हा दावा या मोनोमरबद्दल केला जातो. हिशोब बरोबर आहे, फक्त कॅम्फीन खरोखर टर्पेंटाइनचं हवं.

या मोनोमरचे गुण आणि खोड्या दोन्ही या पिंजऱ्यातून येतात.

रेणूभार २०८.३, घनता ०.९८६ च्या आसपास. म्हणजे एका लिटरमध्ये साधारण ४.७ मोल दुहेरी बंध. मिथिल अ‍ॅक्रिलेटमध्ये हाच आकडा ११ आहे. पॉलिमर होताना आकसणं आणि तापणं दोन्ही दुहेरी बंधांच्या संख्येवर चालतं, त्यामुळे आयबीओए कमी आकसतो आणि दर ग्रॅमला कमी उष्णता सोडतो. विस्कॉसिटी २५ अंश सेल्सिअसला दहा मिलिपास्कल-सेकंदांच्या आत असते, जवळजवळ पाण्यासारखा वाहतो. एवढा पातळ असूनही त्याच्या होमोपॉलिमरचा टीजी, म्हणजे काचेसारखी कडक अवस्था सुटून मऊ होण्याचं तापमान, सुमारे ९४ अंश सेल्सिअस आहे. पातळ करणारे बहुतेक अ‍ॅक्रिलेट मोनोमर फिल्मला मऊ करतात, हा पातळही करतो आणि कडकही ठेवतो. वर पाण्याला जवळ येऊ देत नाही. फॉर्म्युलेशन करणारे त्याला सोडत नाहीत ते यामुळेच.

खोडीसुद्धा तिथलीच. फिल्म कडक होत आली की उरलेल्या जाडजूड रेणूंना हलायला जागा राहत नाही. खोलीच्या तापमानाला क्यूअर (प्रकाश देऊन कडक) करत असाल तर फिल्मचा टीजी त्या तापमानाच्या पुढे गेला की अभिक्रिया जवळपास गोठते, आणि काही मोनोमर जाळ्यात अडकून तसाच राहतो. पुढे याच्याशीच झगडायचं आहे.

कुठे घ्यावा, कुठे नको

यूव्ही कोटिंग आणि शाईत जाड युरेथेन अ‍ॅक्रिलेट ऑलिगोमरला (मोनोमरपेक्षा लांब, पॉलिमरपेक्षा आखूड साखळीला) पातळ करण्यासाठी तो सर्रास वापरतात. जेटने थेंब उडवणाऱ्या थ्रीडी प्रिंटरच्या रेझिनमध्ये तर तो अनेकदा मुख्य घटक असतो, कारण नोझलमधून काही जाड बाहेर पडतच नाही. प्रकाशतंतूंच्या बाहेरच्या कडक आवरणात, इलेक्ट्रॉनिक सर्किटवरच्या ओलरोधक लेपात, डिस्प्लेच्या पारदर्शक चिकटथरात आणि प्लॅस्टिकवर चिकटायच्या लेपांत त्याला काम आहे. पॉलिप्रॉपिलीनसारख्या कमी पृष्ठऊर्जेच्या प्लॅस्टिकवर टेप चिकटत नसेल तर अ‍ॅक्रिलिक चिकटद्रव्यात थोडा आयबीओए घालून पाहतात.

त्वचेला तासन्‌तास चिकटून राहणाऱ्या वस्तूत मात्र तो घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कारण पुढे येईलच. झपाट्याने क्यूअर व्हायला हवं तिथे तो एकटा कामाचा नाही, त्याचा वेग बेताचा आहे. शिवाय त्याच्यात एकच दुहेरी बंध आहे, म्हणून एकट्याने जाळं बनत नाही. सॉल्व्हंट सहन करणारी फिल्म हवी असेल तर दोन-तीन टोकांचा अ‍ॅक्रिलेट सोबत लागतोच.

किती घालायचा याचा पहिला अंदाज फॉक्सच्या समीकरणाने घ्या: एक भागिले टीजी बरोबर प्रत्येक मोनोमरचा वजनी अंश भागिले त्याचा टीजी, या सगळ्यांची बेरीज. तापमान केल्विनमध्येच घ्यायचं, इथे घसरणारे दरवर्षी भेटतात. सोबत ब्यूटिल अ‍ॅक्रिलेट असेल तर त्याचा टीजी उणे ५४ अंश, म्हणजे २१९ केल्विन. आयबीओएचे ३६७ केल्विन. मग ३० टक्के आयबीओएला उत्तर २४९ केल्विन येतं, म्हणजे उणे २४ अंश. निम्मं-निम्मं केलं तर साधारण १ अंश, आणि ७० टक्क्यांना ३२ अंश. चिकटद्रव्य हवं असेल तर तुम्ही पहिल्या आकड्याच्या परिसरात असाल, न चिकटणारा लेप हवा असेल तर तिसऱ्याच्याही पुढे. हे समीकरण सरळ साखळीच्या यादृच्छिक कोपॉलिमरसाठी आहे. क्रॉसलिंक झालेल्या फिल्मचा टीजी त्याहून वर जातो, आणि डीएमएवर (फिल्मचा ताठपणा मोजणारं यंत्र) टॅन डेल्टाचं शिखर पाहिलंत तर डीएससीच्या (उष्णतेची देवघेव मोजणारं यंत्र) आकड्यापेक्षा दहा-वीस अंश जास्तच दिसेल. दोन अहवालांतले टीजी जुळत नाहीत म्हणून वाद घालण्याआधी कोणत्या यंत्रावर मोजले ते विचारा.

बाटली उघडण्याआधी हातमोज्यांचं

आयबीओएला फार काळ सौम्य मोनोमर मानलं जायचं. त्वचेवर ॲलर्जी उठवण्यात इतर अ‍ॅक्रिलेटांपेक्षा कमजोर, अशी त्याची ख्याती होती. २०१७ मध्ये बेल्जियममधल्या त्वचारोगतज्ज्ञांनी दंडावर चिकटवायच्या ग्लुकोज सेन्सरमुळे ॲलर्जी झालेल्या मधुमेही रुग्णांत आयबीओए हेच कारण असल्याचं दाखवून दिलं. पुढे अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २०२० चा 'ॲलर्जन ऑफ द इयर' म्हणून त्याचीच निवड केली. यातली एक गोष्ट प्रत्येक फॉर्म्युलेटरने नीट ऐकावी: यातल्या बऱ्याच रुग्णांना इतर अ‍ॅक्रिलेटांची ॲलर्जी नव्हती. त्यामुळे नेहमीच्या अ‍ॅक्रिलेटांची पॅच टेस्ट (त्वचेवर पट्टी लावून ॲलर्जीची तपासणी) केली तर ती कोरी यायची. आयबीओए वेगळा, पेट्रोलॅटममध्ये ०.१ टक्का घेऊन तपासला तेव्हाच तो सापडला.

कामाच्या टेबलावर याचा अर्थ सरळ आहे. एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही, आणि मग अगदी थोड्या मात्रेलाही हात पेटतात. पातळ नायट्राइल मोजे अ‍ॅक्रिलेट फार वेळ अडवत नाहीत. थेंब पडला की मोजा लगेच काढून टाकायचा, 'हे एवढं संपवतो मग बदलतो' चालणार नाही. मी दोन मोजे एकावर एक घालतो आणि वरचा बिनदिक्कत फेकतो. ड्रम उतरवणं, गाळणं, सांडलेलं पुसणं अशी लांब कामं असतील तर अनेक थरांचे लॅमिनेट मोजे आत आणि बोटांना पकड यावी म्हणून नायट्राइल वरून. लेटेक्सचा इथे उपयोग नाही. डोळ्यांना चष्मा हवाच, आणि धुराड्याखाली (फ्यूम हूड) काम करा, विशेषतः गरम करताना.

मोबाइल, दाराची कडी, वजनकाट्याची बटणं ही खरी धोक्याची ठिकाणं. मोजे घातलेला माणूस स्वतः सुरक्षित असतो आणि नंतर उघड्या हाताने तीच कडी धरणारा सापडतो. आमच्याकडे नियम आहे: मोजे घालून फोनला हात नाही.

साठवण: हवा हीच राखणदार

आयबीओएमध्ये एमईएचक्यू नावाचा इनहिबिटर, म्हणजे पॉलिमर होणं रोखून धरणारा पदार्थ, घातलेला येतो, साधारण शंभर पीपीएमच्या घरात. नक्की किती ते बॅचच्या विश्लेषण प्रमाणपत्रावर पाहा. हा इनहिबिटर एकटा काम करत नाही, त्याला मोनोमरमध्ये विरघळलेला ऑक्सिजन लागतो. म्हणून:

- ड्रम किंवा बाटली काठोकाठ भरू नये, वर हवेची जागा ठेवावी.
- साठवणीत नायट्रोजनचं आवरण देऊ नये. सॉल्व्हंटबाबत चांगली असलेली ही सवय इथे घातक ठरते.
- तापमान ३० अंशांच्या खाली, उन्हापासून दूर, गडद बाटली किंवा आतून अस्तर असलेला ड्रम. गंज, तांबं आणि पेरॉक्साइड जवळ नको.
- महिनोन्‌महिने पडून असलेला ड्रम अधूनमधून उघडून हवा घ्यावी, आणि 'आधी आलेला आधी वापरा' हे पाळावं.

नायट्रोजनबद्दल इतकं ठासून सांगतोय कारण मी स्वतः हे केलं आहे. इनहिबिटर काढलेला दोनशे मिलिलिटर आयबीओए शुक्रवारी संध्याकाळी बाटलीत भरला, शहाणपणा करून वर नायट्रोजन सोडला आणि बाटली खिडकीजवळच्या फळीवर ठेवून घरी गेलो. सोमवारी बाटली उलटी केली तर आत काहीच हललं नाही. काचेत काच बसावी तसा स्वच्छ पारदर्शक ठोकळा, आणि बाटलीला बुडाशी बारीक तडा. थोडक्यात निभावलं. अ‍ॅक्रिलेटचा दुहेरी बंध उघडताना मोलला सुमारे ८० किलोज्यूल उष्णता निघते, आयबीओएच्या हिशोबाने ग्रॅमला जवळपास ३८० ज्यूल. उष्णतेला बाहेर जायला वाट नसेल तर तापमान दीडशे-दोनशे अंशांनी चढू शकतं. दोनशे मिलिलिटरची बाटली तडकते. दोनशे लिटरच्या ड्रमचं काय होईल याची कल्पना करा. ड्रम हाताला कारण नसताना गरम लागला तर तो उघडायला जाऊ नका, माणसं लांब घ्या आणि बाहेरून पाण्याचा मारा करून थंड ठेवा.

इनहिबिटर काढायचा की ठेवायचा?

यूव्ही फॉर्म्युलेशनसाठी काढायची गरज नाही. प्रकाशाने इतके रॅडिकल (साखळी सुरू करणारे अतिक्रियाशील तुकडे) एकदम तयार होतात की शंभर पीपीएम त्यांच्यापुढे टिकत नाही, आणि ठेवल्यामुळे रेझिन टिकते. अ‍ॅक्रिलेटच्या गतिशास्त्राचा अभ्यास किंवा नियंत्रित पॉलिमरायझेशन करायचं असेल तेव्हाच काढा.

कृती सोपी आहे. जाडसर काचेच्या कॉलमच्या तळाशी कापूस, त्यावर थोडी वाळू, त्यावर बेसिक अ‍ॅल्युमिना. पन्नास ग्रॅम मोनोमरला पाच-सात सेंटिमीटर उंचीचा थर मला पुरतो. मोनोमर पातळ असल्यामुळे गुरुत्वानेच खाली येतो, पंपाची गरज नाही. अ‍ॅल्युमिनाचा वरचा भाग हळूहळू पिवळसर होताना दिसतो. तो पिवळा पट्टा तळाकडे सरकू लागला की थांबा, नवा कॉलम भरा. पहिले चार-पाच मिलिलिटर वेगळे काढा, त्यात अ‍ॅल्युमिनाची भुकटी उतरते. गोळा झालेला मोनोमर लागेल तेवढाच, त्याच दिवशी. उरलाच तर हवा ठेवून, गडद बाटलीत, फ्रिजमध्ये आणि बाटलीवर 'इनहिबिटर नाही' असं ठळक लिहून. फ्रिजमधून काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत झाकण उघडायचं नाही, नाहीतर आत दव धरतं.

यूव्ही फिल्म, पायरीपायरीने

वीस ग्रॅमची चाचणी बॅच घेऊ: अ‍ॅलिफॅटिक युरेथेन डायअ‍ॅक्रिलेट ऑलिगोमर ९.० ग्रॅम, आयबीओए ७.७ ग्रॅम, हेक्झेनडायॉल डायअ‍ॅक्रिलेट ३.० ग्रॅम, फोटोइनिशिएटर (प्रकाश पडताच रॅडिकल देणारा पदार्थ) टीपीओ-एल ०.३ ग्रॅम. हे अर्ध्या मिलिमीटरच्या थरासाठी. वीस-पन्नास मायक्रॉनचा पातळ लेप असेल तर इनिशिएटर तीन-चार टक्क्यांपर्यंत न्यावा लागेल, कारण पातळ थरात हवेतला ऑक्सिजन जास्त भाग खातो. उलट जाड थरात इनिशिएटर वाढवला तर वरचा थर सगळा प्रकाश पिऊन टाकतो आणि खाली ओलं राहतं.

टीपीओ-एलच का, साधा टीपीओ का नाही? टीपीओचं युरोपात प्रजननास घातक म्हणून वर्गीकरण झालं आहे, २०२३ मध्ये तो अतिचिंताजनक पदार्थांच्या यादीत गेला आणि १ सप्टेंबर २०२५ पासून तिथे सौंदर्यप्रसाधनांत त्याला बंदी आहे. आज नवीन फॉर्म्युलेशन टीपीओवर बांधण्यात मला शहाणपणा वाटत नाही.

ऑलिगोमर मधासारखा, थंडीत तर त्याहून घट्ट. त्याची बाटली ५०-६० अंशांच्या ओव्हनमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवून सैल करा आणि आधी तोच गडद बाटलीत वजन करून घ्या. मग आयबीओए. आधी इनिशिएटर आयबीओएमध्ये विरघळवून घेतला तर मिश्रण जास्त एकजीव होतं. शेवटी डायअ‍ॅक्रिलेट. पिवळ्या दिव्याखाली, मंद गतीने ढवळा. जोरात ढवळून बुडबुडे भरायचे आणि मग ते काढायला व्हॅक्यूम लावायचा, हा उद्योग करू नका. व्हॅक्यूमने बुडबुड्यांबरोबर विरघळलेला ऑक्सिजनही जातो, आणि त्याच्याशिवाय एमईएचक्यू पांगळा. मिश्रण कोमट असेल तर ते भांड्यातच जेल होऊ शकतं. झाकण लावून तासभर स्वस्थ ठेवलं की बुडबुडे आपोआप वर येतात. अगदीच हवा असेल तर व्हॅक्यूम थंड मिश्रणाला, दोन-चार मिनिटं.

दोन काचा घ्या, दोन्हींवर रिलीज कोटिंगची पीईटी फिल्म, मधे अर्ध्या मिलिमीटरची सिलिकॉनची चौकट. एका कोपऱ्यातून रेझिन ओता, वरची काच तिरकी धरून एका कडेने टेकवत आणा, चिमट्यांनी आवळा. पीईटीमुळे हवा आत येत नाही, म्हणून पृष्ठभाग चिकट राहत नाही. उघड्यावर लेप देत असाल तर हीच मोठी डोकेदुखी: आतून दगड आणि वरून बोट चिकटेल असा टॅक. त्यावर उपाय म्हणजे प्रकाशाची तीव्रता वाढवणं, अमाइन सहाय्यक किंवा थोडा थायॉल घालणं, आणि परवडत असेल तर क्यूअर करताना पृष्ठभागावर नायट्रोजन सोडणं. साठवणीत नको म्हटलेला नायट्रोजन इथे हवाहवासा आहे.

३८५ किंवा ३९५ नॅनोमीटरचा एलईडी दिवा, दोन्ही बाजूंनी प्रकाश. फिल्म सुटून आली, टणक आहे, वास जवळपास नाही. इथे बहुतेक लोक 'झालं' म्हणतात.

उरला किती?

फिल्म झालेली नाही. एफटीआयआरच्या (अवरक्त प्रकाशाने बंध ओळखणारं यंत्र) एटीआरवर (नमुना दाबून धरायची त्याची जागा) ठेवा. ८१० सेंटिमीटर उलट या जागी अ‍ॅक्रिलेटच्या दुहेरी बंधाचं शिखर असतं, १७२०-१७३० ला कार्बोनिलचं. क्यूअर होण्याआधी दोन्हींच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर समजा ०.४२ होतं आणि नंतर ०.०३ झालं, तर रूपांतर एक वजा ०.०३ भागिले ०.४२, म्हणजे ९३ टक्के. कार्बोनिलचं शिखर क्यूअरनंतर जरासं सरकतं, म्हणून उंची न घेता क्षेत्रफळ घ्या. फिल्मच्या दोन्ही बाजू मोजा. एटीआर वरचे एक-दोन मायक्रॉनच पाहतं, पोटात काय आहे ते त्याला दिसत नाही. पोट पाहायचं तर फिल्म मधोमध कापा आणि कापलेली बाजू दाबून धरा.

आता खरा प्रश्न. उरलेले सात टक्के कुणाचे? डायअ‍ॅक्रिलेटचं एक टोक जाळ्यात गुंतलं आणि दुसरं मोकळं राहिलं, तर तो बंध एफटीआयआरला दिसतो, पण तो रेणू कुठेही जाणार नाही. सुटा राहिलेला आयबीओए मात्र चालता-फिरता आहे. तो वास देतो, फिल्म मऊ करतो, घामात किंवा चिकटद्रव्यात उतरतो आणि शेवटी कातडीपर्यंत पोचतो. दोघांचं शिखर एकच. एफटीआयआरचा ९३ हा आकडा दोन वेगवेगळ्या फिल्मसाठी दोन अगदी वेगळे अर्थ सांगू शकतो.

म्हणून निष्कर्षण करा. फिल्मचा ०.५०० ग्रॅम तुकडा बारीक कापून इथिल अ‍ॅसिटेटमध्ये चोवीस तास बुडवून ठेवा. तुकडे काढून व्हॅक्यूम ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. ०.४६८ ग्रॅम भरले तर जेलचा अंश ९३.६ टक्के आणि ३२ मिलिग्रॅम काहीतरी बाहेर आलं. त्यात आयबीओए किती आणि न गुंतलेल्या साखळ्या व इनिशिएटरचे तुकडे किती, हे त्या द्रावणाच्या जीसीवरून (गॅस क्रोमॅटोग्राफी) कळतं. डोडेकेनसारखं अंतर्गत प्रमाणद्रव्य वापरा, आणि सॉल्व्हंटमध्ये थोडा एमईएचक्यू आधीच घाला. नाहीतर जीसीच्या तापलेल्या इंजेक्टरमध्येच मोनोमर जोडला जाईल आणि आकडा फसवा, नेहमी कमी बाजूला फसवा, येईल.

आकडा जास्त आला तर पहिला उपाय म्हणजे उष्णता. पण नुसतं ओव्हनमध्ये भाजून फार काही होत नाही. गोठलेल्या फिल्ममध्ये काही अडकलेले रॅडिकल बराच काळ जिवंत असतात, ते तापल्यावर थोडं काम करतात, बस्स. फिल्म ८० अंशांच्या गरम पाटीवर ठेवून, गरम असतानाच दुसऱ्यांदा यूव्ही द्या. साखळ्या हलत असताना नवे रॅडिकल मिळाले की अडकलेला मोनोमर जाळ्यात येतो. थंड फिल्मवर तिप्पट वेळ दिवा धरून जे साधत नाही ते गरम फिल्मवर थोड्या वेळात साधतं, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता थंड पोस्ट-क्यूअरवर वेळ घालवत नाही. त्यानेही भागलं नाही तर फॉर्म्युलेशनमध्येच आयबीओएचं प्रमाण कमी करणं आलं.

संशोधनाच्या टेबलावर: मोजून-मापून साखळी

आयबीओएची साखळी ठरावीक लांबीची करायची असेल तर राफ्ट पद्धत (सगळ्या साखळ्या सारख्याच वाढवणारं नियंत्रित पॉलिमरायझेशन) सोयीची. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओच्या संशोधकांनी ती १९९८ मध्ये मांडली. अ‍ॅक्रिलेटसाठी ट्रायथायोकार्बोनेट प्रकारचा राफ्ट एजंट घ्या. डोडेसिल शेपटीचा, कार्बॉक्सिलिक आम्लाचं टोक असलेला, ३६४.६ रेणूभाराचा एजंट सहज मिळतो आणि चालतो.

शंभर एककांची साखळी धरू. इनहिबिटर काढलेला आयबीओए १०.४ ग्रॅम, म्हणजे ५० मिलिमोल. राफ्ट एजंट १८२ मिलिग्रॅम, ०.५ मिलिमोल. एआयबीएन (तापल्यावर रॅडिकल देणारा इनिशिएटर) ०.०५ मिलिमोल, म्हणजे फक्त ८.२ मिलिग्रॅम. एवढं कमी वजन थेट काट्यावर घेऊ नका. ८२ मिलिग्रॅम दहा मिलिलिटर टोल्युईनमध्ये विरघळवा आणि त्यातला एक मिलिलिटर घ्या. सोबत आणखी अकरा मिलिलिटर टोल्युईन. श्लेंक फ्लास्कमध्ये (आतली हवा काढता येणाऱ्या) सगळं घालून शून्य वेळेचा नमुना काढा. तो विसरला तर पुढचं कोणतंही रूपांतर काढता येत नाही, आणि हमखास विसरला जातो. फ्लास्क बर्फात ठेवून तीस मिनिटं नायट्रोजनचे बुडबुडे सोडा, मग ७० अंशांच्या तेलाच्या बाथमध्ये. एआयबीएनचं अर्धायुष्य ६५ अंशांना सुमारे दहा तास असतं, ७० ला त्याच्या निम्म्याच्या आसपास. पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या तासाला थोडा-थोडा नमुना काढून एनएमआरवर (चुंबकक्षेत्रात प्रोटॉन ओळखणारं यंत्र) ५.७ ते ६.४ पीपीएममधले विनाइल प्रोटॉन मोजा.

रूपांतर ८० टक्क्यांच्या आसपास आलं की थांबवा. त्यापुढे हाव धरली तर साखळ्यांची टोकं मरतात, आणि पुढचा ब्लॉक जोडायचा असेल तर ती टोकंच तर हवीत. थांबवायचं म्हणजे फ्लास्क थंड पाण्यात बुडवून हवेला उघडा करायचा. या टप्प्याला अपेक्षित रेणूभार ०.८ गुणिले २०,८३० अधिक ३६५, साधारण १७,०००. जीपीसी (साखळ्यांच्या आकारावरून रेणूभार सांगणारं यंत्र) पॉलिस्टायरीनच्या प्रमाणावर बसवलेलं असेल तर आकडा खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो, कारण जड पिंजरे साखळीच्या लांबीत भर न घालता वजन वाढवतात. प्रयोग फसला असं समजू नका.

मिश्रण दहापट थंड मिथेनॉलमध्ये थेंबथेंब सोडा, जोरात ढवळत. फिकट पिवळी भुकटी खाली बसते. गठ्ठा होत असेल तर मिश्रण थोडं टोल्युईन घालून पातळ करा. गाळा, पुन्हा विरघळवून पुन्हा बसवा. वाळवताना धीर धरावा लागतो: पॉलिमर खोलीच्या तापमानाला काचेसारखा असतो आणि टोल्युईन सोडायला तयार होत नाही. व्हॅक्यूममध्ये हळूहळू ताप वाढवत नेणं एवढंच हाती आहे. डीएससीवर टीजी ९४ ऐवजी ६० आला तर आधी राहिलेल्या टोल्युईनवर संशय घ्या.

हीच साखळी घेऊन ब्यूटिल अ‍ॅक्रिलेट जोडलं की एक टोक कडक, एक मऊ. दोन्ही टोकांनी वाढणाऱ्या एजंटने मऊ भाग मधे आणि आयबीओएचे कडक भाग बाहेर ठेवले तर रबरासारखा ताणणारा पण गरम केल्यावर वितळणारा इलास्टोमर मिळतो, तोही स्टायरीनशिवाय. तांब्याच्या उत्प्रेरकावर चालणारी एटीआरपी ही दुसरी नियंत्रित पद्धतही जमते, फक्त शेवटी तांबं काढण्याचा व्याप असतो.

मेथाक्रिलेट भावाचं एक काम सांगण्याजोगं आहे. चिप बनवताना १९३ नॅनोमीटरचा प्रकाश वापरायला सुरुवात झाली तेव्हा बेंझीनची कडी असलेले जुने रेझिस्ट (चिपवर नक्षी उमटवणारे प्रकाशसंवेदी लेप) तो प्रकाश गिळून टाकायचे. कडी नाही म्हणून प्रकाश आरपार जातो आणि कार्बनांचा घट्ट पिंजरा आहे म्हणून प्लाझ्माच्या माऱ्यात टिकतो, या दुहेरी गुणामुळे आयसोबॉर्निल मेथाक्रिलेट सुरुवातीच्या त्या रेझिस्टांमध्ये आला.

पाण्यातल्या इमल्शनमध्ये आयबीओए नेहमीच्या पद्धतीने घालायला गेलात तर निराशा होईल. तो पाण्यात इतका कमी विरघळतो की थेंबातून कणापर्यंत पोचतच नाही. मिनिइमल्शन करा, म्हणजे थेंब मुळातच इतके बारीक की तेच पुढे कण होतात. सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीत पिंजरा बसवून त्याला पाण्यातून नेण्याची युक्तीही आहे.

टाकाऊ माल

आयबीओए जलचरांना अतिशय विषारी आहे आणि तो परिणाम टिकणारा आहे, त्यामुळे भांडी धुतलेलं पाणीसुद्धा गटारात जाता कामा नये. भांडी आधी कोरड्या कागदाने पुसा, मग थोड्या अ‍ॅसिटोनने, आणि ते सॉल्व्हंट टाकाऊ डब्यात. उरलेली यूव्ही रेझिन ट्रेमध्ये दोन-तीन मिलिमीटर जाडीने पसरून दिव्याखाली क्यूअर करा आणि घन रासायनिक कचरा म्हणून द्या. अर्धी भरलेली बाटली तशीच दिव्याखाली किंवा उन्हात ठेवू नका, एवढ्या खोलीत निघालेली उष्णता बाहेर पडत नाही. पुसलेले कागद आणि मोजे झाकणाच्या डब्यात टाका. आमच्या डब्यावर चिठ्ठी आहे, 'हात घालू नये', आणि ती सफाईला येणाऱ्या माणसाला वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात आहे.